भाकड दिवसांचा हिशेब



कापूस बोंडअळीने नेला, ज्वारी कणसात काळी पडली, तरी मीठमिरचीला पैसा येतो तो दारच्या गायीचा. ती गाय व्याली, वार पडली नाही, चार दिवसांत कासेला दगडी आली, की आपण दृष्ट लागली म्हणतो. दृष्ट नव्हे. गाय आतून गंजलेली असते.

विळा पावसात राहिला की हवेतला प्राणवायू लोखंड खातो. अंगातही खाल्लेला चारा जळताना प्राणवायूचे काही कण उनाड सुटतात आणि पेशींची नासधूस करतात. एरवी शरीर त्यांना आवरते. विण्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे मात्र गाय खाते कमी आणि तिला द्यावे लागते जास्त. आधी पोटातल्या वासराला, मग चिकाला, मग दुधाला. अंगावरची चरबी जाळून ती भागवते. उनाड कण वाढतात आणि त्यांना आवरणारे ई जीवनसत्त्व चिकावाटे निघून जाते. फटका बसतो रक्तातल्या पांढऱ्या पेशींना. वार सुटायला आणि कासेतल्या जंतूंशी लढायला त्याच लागतात.

१९८४ साली अमेरिकेत ओहायो येथे स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आटवलेल्या गायींना ई जीवनसत्त्व दिले, तेव्हा कासदाह ३७ टक्क्यांनी कमी झाला. हे जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात भरपूर असते. उन्हात वाळलेल्या कडब्यात, कुटारात ते फार थोडे उरते. त्यात ऊनही हाच गंज वाढवते. उन्हाळ्यात विणारी कोरडवाहू गाय असा दुहेरी मार खाते.

म्हणून आटलेल्या गायीला सावली, पोटभर पाणी आणि रोज हिरव्याची पेंढी द्या. शेवरी, शेवग्याचा पाला, लसूणघास, बांधावर जे असेल ते. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचे इंजेक्शन पशुवैद्याला विचारूनच द्या. सेलेनियम जास्त झाले तर विष होते.

पण आपण करतो नेमके उलटे. दूध आटले की ढेप बंद. हा अडाणीपणा नव्हे, हा हिशेब आहे. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ पाहून लिटरमागे मिळतो. आटलेल्या दोन महिन्यांत गाय काय खाते, हे भाव देणारा विचारीत नाही. त्या दोन महिन्यांची बचत पुढे दवाखान्यात आणि सडक्या कासेत दामदुपटीने जाते.

उत्पादनखर्चात हे दिवस धरलेच पाहिजेत. जिल्हा बैठकीला येताना मागच्या वेताचा हिशेब लिहून आणा. आटल्यापासून काय चारले, वार पडली का, औषधाला किती गेले. भाव मागताना हाच कागद पुढे ठेवायचा आहे.