एकाच देशातले चार हजार किलोमीटर

मार्चमध्ये सांगलीहून अक्काचा फोन आला. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सेंट जॉन्सला शिकतो. अपेंडिक्स काढावं लागणार होतं. अक्का म्हणाली, "तू तिथंच आहेस ना, मग जाऊन ये की पटकन!"

मी 'तिथंच' म्हणजे अल्बर्टात, फोर्ट मॅकमरीला. देश एक, पण मधे सुमारे ४,००० किलोमीटर. श्रीनगर ते तिरुअनंतपुरम हवाई अंतर २,८५० च्या आत येतं. गंमत म्हणजे सेंट जॉन्सहून लंडन सुमारे ३,७००. म्हणजे लंडनची आमची मावसबहीण त्याला माझ्यापेक्षा जवळ!

शिवाय ४,००० हा आकडा नकाशावरचा. लहान विमानतळावरून सरळ कुठं जाता येत नाही. मी आधी दक्षिणेला कॅलगरी, मग टोरांटो, मग सेंट जॉन्स असा गेलो. तो वळसा ५,४०० किलोमीटरच्या घरात जातो. हवेतले तास आठ-साडेआठच, बाकी सगळं बसून राहणं. त्यात घड्याळ साडेतीन तास पुढं. (आपल्यासारखा अर्ध्या तासाचा हिशेब न्यूफाउंडलंडलाही आहे.) पहाटे निघालेला माणूस सगळं सुरळीत झालं तरी रात्रीच पोचतो.

माझं सुरळीत झालं नाही. सेंट जॉन्सला धुकं, विमान हॅलिफॅक्सला उतरवलं. रात्र खुर्चीत काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, दारातून निघाल्यापासून अठ्ठावीस तासांनी. तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. उशाशी त्याची घरमालकीण बसली होती.

हा प्रवास इथल्या कामगारांना नवा नाही. १९९२ साली न्यूफाउंडलंडमध्ये कॉडच्या मासेमारीवर बंदी आली, हजारोंची कामं गेली. पुढं तिथले कितीतरी जण आमच्याकडं तेलाच्या कामावर आले. काही आठवडे इथं काम, मग घर. माझ्या शिफ्टमधला एक जण म्हणतो, जाण्याचा एक दिवस आणि येण्याचा एक दिवस सुट्टीतून वजाच धरायचा.

आपण मात्र मुलांना पाठवताना कॉलेजची फी बघतो, रँकिंग बघतो आणि 'मामा कॅनडातच आहे' म्हणून निर्धास्त होतो. माझं म्हणणं आहे, त्या गावचा विमानतळही बघा. दिवसाला विमानं किती, कुठून येतात, हिवाळ्यात काय होतं. तिकीट काढताना सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. आधीच्या विमानाच्या उशिरानं पुढचं चुकलं, तर दुसरी सोय करून देणं मग कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण मधल्या विमानतळावर वाली कोणी नसतो. आणि फॉर्मवर 'अडचणीत कोणाला कळवायचं' या रकान्यात चार हजार किलोमीटरवरच्या मामाचं नाव एकटं नको. त्याच गावातलं कोणी तरी हवंच. मराठीच हवं असं नाही.

आमच्या भाच्याच्या फॉर्मवर माझंच नाव होतं. ते मी तिथं असतानाच बदलून घेतलं. घरमालकीणबाईंचा नंबर अक्कालाही दिला. तिला इंग्रजी जेमतेम येतं, बाईंचा उच्चार तर मलाही नीट कळत नाही. तरी रविवारी दोघी व्हिडिओवर बोलतात म्हणे.