रेवदंड्याचे अवशेष, कोर्लईची वस्ती आणि आजचा अहंकार

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि रायगडचा किनारा जणू मुंबईच्या अंगणात येऊन बसला. अलिबागपासून मुरुडपर्यंतची भातखाचरे व नारळी-पोफळीच्या वाड्या यांकडे आता शहरी धनिकांची दृष्टी लागली आहे. या घडामोडीची चर्चा जमिनीच्या दरांपुरतीच होते. अचानक आलेला पैसा माणसाच्या मनाचे, आणि विशेषतः ख्रिस्ती धर्मग्रामाच्या सामुदायिक मनाचे काय करतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

वास्तविक याच किनाऱ्याने एक मोठे वैभव उगवताना आणि मावळताना पाहिले आहे. १५२१ च्या सुमारास पोर्तुगिजांनी चौलजवळ, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, कोट उभारण्यास प्रारंभ केला. पुढे तेथे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेज्वीट अशा संघांची भव्य मंदिरे व मठ उभे राहिले. १७४० मध्ये तहानुसार हा मुलूख मराठ्यांकडे गेला. अंमलदार गेले, धनिक गेले. आज ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा मनोरा आणि माडांच्या गर्दीत उभ्या असलेल्या छपराविना भिंती एवढेच तेथे उरले आहे.

परंतु कुंडलिका खाडीच्या पलीकडे, कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, श्रद्धा उरली. ती जपली शेतकरी, मासेमार आणि हलकी कामे करणाऱ्यांच्या वंशजांनी. त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नव्हती. माउंट कार्मेल मातेच्या मंदिराभोवतीची ही वस्ती पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली आजही बोलते. तिला ती मंडळी ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, इतक्याच साध्या नावाने ओळखतात. १९८६ मध्ये खाडीवर पूल होईपर्यंत हे गाव बरेचसे एकाकी होते. पुढे अभ्यासक आले, ग्रंथ लिहिले गेले. ज्या बोलीला कोणी प्रतिष्ठा दिली नव्हती तिचे मोल विद्यापीठांना कळले. आता मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या ओठांवर ती किती काळ टिकेल, हा प्रश्न वेगळा.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, आपल्या मंडळींत रेवदंड्याची हौस पुन्हा डोके वर काढीत आहे. सणाच्या वर्गणीत कोणाचा आकडा मोठा, संगमरवरी फलकावर कोणाचे नाव वर, मिरवणुकीत मातेची मूर्ती कोणी खांद्यावर घ्यायची, यांवरून अबोले धरले जातात. लग्नात शेजाऱ्याहून एक तरी पक्वान्न अधिक हवेच! (कर्ज काढून केलेल्या अशा पक्वान्नाची चव कोणाला लागते, देव जाणे.) यापेक्षा सूक्ष्म असा अहंकार धार्मिकांचा असतो. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परुशी खोटे बोलत नव्हता. तो उपवास करी, दशांश देई. त्याचा हिशेब बरोबर होता. चूक एवढीच की, त्या हिशेबात शेजारी उभा असलेला जकातदार तुलनेसाठी ओढला गेला होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याने जमीन विकली आणि आज त्याच जमिनीवरील बंगल्याची राखण जो करतो, त्याला नम्रतेचे प्रवचन देणे हा निव्वळ अन्याय होय. अपमान मुकाट्याने गिळणे म्हणजे नम्रता नव्हे. मजुरी वेळेवर मागणे, सातबारावरील नोंद तपासून घेणे, समुद्राकडे जाणारी पूर्वापार वाट बंद झाल्यास ग्रामसभेत बोलणे, यात गर्व नाही. नम्रतेचा उपदेश ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने प्रथम स्वतःस करावा. धर्मगुरू, धर्मग्राम परिषदेचे सभासद, शाळांचे चालक आणि घरातील कर्ते पुरुष यांनी तर अवश्य.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी हा क्रम पाळला. २८ मार्च २०१३ रोजी, पदावर येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, त्यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या कारागृहात कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. १७ एप्रिल २०२५ रोजी, मृत्यूपूर्वी अवघे चार दिवस, ते रेजिना चेली कारागृहात गेले. पाय धुण्याइतके त्राण शरीरात नव्हते, तरी गेले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या कबरीवर ‘फ्रान्सिस्कुस’ हा एकच लॅटिन शब्द आहे. पदवी नाही, विशेषण नाही.

आपल्या धर्मग्रामांनी यावरून निदान फलकांचा प्रश्न हाती घ्यावा. देणगीची पावती द्यावी, वर्षअखेरीचा जमाखर्च सूचनाफलकावर स्वच्छ लावावा, मात्र देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने लिहिण्याची प्रथा बंद करावी. पुढची बाके वृद्धांना व अपंगांना द्यावीत. सणाच्या सभेत मच्छी विकणाऱ्या बाईचे मत प्रथम विचारावे आणि बंगलेवाल्याचे नंतर. येत्या वर्गणीपासून हे करता येईल. त्यासाठी वरून कोणत्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.