सांगलीचे नामवंत: शहरापलीकडेही

मा. संपादक यांस,

सांगलीच्या नामवंतांवरील लेखाने शहराची ओळख नाटकापुरतीच ठेवली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, हे खरेच. पण वि. स. खांडेकरांना केवळ कोल्हापूरचे ठरवणे चूक आहे. त्यांचा जन्म १८९८ साली सांगलीतच झाला. क्रिकेटपटू विजय हजारेही इथलेच.

त्याहून गंभीर उणीव परिसराची. गो. ब. देवल हरिपूरचे. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, तर ‘फकिरा’कार अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, ही दोन्ही गावे वाळवा तालुक्यातली. नाना पाटलांचे प्रतिसरकार साताऱ्याच्या नावावर आहे, कारण वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. एवढ्यावरून त्यांना सांगलीच्या यादीतून वगळणे अन्यायाचे आहे. लेखात दुरुस्ती व्हावी.

आपला,
एक वाचक, सांगली