यंदा किती जिंकणार?

आमचा एक भाचा अमेरिकेत, कॅलिफोर्नियाची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटोत असतो. एरवी त्याचा फोन गणपतीला येतो, दिवाळीला येतो आणि आईशी वाजले की येतो. पण सप्टेंबर सरता सरता एक जादा फोन ठरलेला. ‘मामा, यंदा बेचाळीस!’ एवढे आधी सांगतो आणि मग खुशाली विचारतो. बेचाळीस म्हणजे त्याच्या गावचा ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ हा बास्केटबॉलचा संघ येत्या मोसमात किती सामने जिंकणार, त्याचे भाकीत. गेली वीसएक वर्षे मी हे आकडे ऐकतो आहे. कधी बेचाळीस, कधी पंचेचाळीस. पस्तिसाच्या खाली आकडा उतरल्याचे मला आठवत नाही. संघ मात्र पुष्कळदा उतरला.

हे भाकीत नुसते तोंडी नसते. गल्लीतल्या सहा घरांचा मिळून एक कागद असतो आणि तो एका निवृत्त पोस्टमनच्या फ्रिजवर लागतो. प्रत्येक घराने आपला आकडा लिहायचा, एप्रिलमध्ये साखळी सामने संपले की ज्याचा आकडा सर्वांत लांब गेला त्याने बाकीच्यांना जेवू घालायचे. भाच्याने आतापर्यंत दोनदा मिसळ खिलवली आहे. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी पाण्याचे जग रिकामे केले, पण रस्सा सोडला नाही म्हणे.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत तीस संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येकाने ८२ सामने खेळायचे. त्यातून सोळा संघ बाद फेऱ्यांत जातात आणि जूनमध्ये विजेता ठरतो. म्हणजे मोसमाआधी जो आकडा सांगतो, त्याने कोणाचा गुडघा दुखावेल, कोणता प्रशिक्षक घरी बसेल आणि कोणता खेळाडू अर्ध्या मोसमात दुसऱ्या गावी धाडला जाईल, हे सगळे पोटात घेऊन तो सांगायचा असतो. पंचांगकर्त्यालाही घाम फुटावा!

त्यातून सॅक्रामेंटोच्या माणसाने तर भाकीत करूच नये. हा संघ १९८५ साली कॅन्सस सिटीहून इथे आला. २००२ साली तो अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर लॉस एंजेलिस लेकर्सकडून सातव्या सामन्यात, तोही जादा वेळेत, हरला. त्याआधीच्या सहाव्या सामन्यातल्या पंचगिरीविषयी पोस्टमनसमोर विषय काढायचा नाही, असा गल्लीचा अलिखित नियम आहे. २००६ नंतर तर सलग सोळा मोसम हा संघ बाद फेऱ्यांत पोहोचलाच नाही. एवढा दीर्घ दुष्काळ एनबीएत दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नव्हता. २०१३ साली संघच सिॲटलला जायचा, तो मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या पुढाकाराने राहिला. (आडनाव वाचून आपली कॉलर ताठ होते खरी, पण पुढची नऊ वर्षेही दुष्काळाचीच होती, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.) ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ मुंबईत वरळीला इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने खेळून गेला.

त्या सोळाही वर्षी फ्रिजवर कागद लागतच होता आणि पोस्टमन दर वर्षी न चुकता ‘पन्नास’ लिहीत होता.

याला कोणी वेडेपणा म्हणेल. पण शहाण्यांची काय कथा आहे? २०१८ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत किंग्जची पाळी दुसरी होती. हाताशी तज्ज्ञ होते, चित्रफिती होत्या, संगणक होते. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतले. त्याच्या पाठोपाठ निवडला गेलेला लुका डॉन्चिच आज जगातल्या मोजक्या खेळाडूंत गणला जातो. बॅगली साडेतीन वर्षांत संघाबाहेर गेला. डेट्रॉइटने २०२३-२४ मध्ये ओळीने २८ सामने गमावून कसेबसे १४ जिंकले आणि पुढच्याच मोसमात ४४! लठ्ठ पगार घेणारेही असे चुकत असतील, तर फ्रिजवर पन्नास लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला हसायचा अधिकार कोणाला?

आणि २०२२-२३ मध्ये किंग्जने खरोखरच ४८ सामने जिंकले. त्या मोसमापासून विजय मिळाला की घरच्या मैदानाच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडू लागले. भाचा म्हणतो, झोत दिसला की पोस्टमन अंगणात येऊन उभा राहायचा. पुढे पहिल्याच बाद फेरीत गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीने सातव्या सामन्यात एकट्याने पन्नास गुण केले आणि सगळे आटोपले. पन्नासचा आकडा आला, पण असा!

हे एवढे रामायण सांगायचे कारण म्हणजे मागच्या वेळी भाच्याच्या आवाजात मला काळजी ऐकू आली. त्याचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. तो कागदावर आकडा लिहायला तयार नाही. ‘किती जिंकतील याचे काय करायचे? अमुक खेळाडू आज अकरा रीबाउंड घेतो का, ते बघायचे,’ असे त्याचे म्हणणे. त्याचा एक मोठा मित्र शेजारच्या नेवाडात शिकतो आणि फोनवरून पैसे लावतो. मुलगा अजून लावत नाही, पण सामना बघायला तसाच शिकला आहे.

२०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्टेबाजीला आळा घालणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि एकामागून एक राज्यांनी दारे उघडली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२२ साली तसे दोन प्रस्ताव फेटाळले, हे त्यांचे शहाणपण. परवानगी देणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. चोरून लावण्यापेक्षा उघड लावलेले बरे, संशयास्पद व्यवहार दिसतात, असे ते म्हणतात. टोरांटोचा जॉन्टे पोर्टर तसाच सापडला. आपल्या प्रकृतीची आतली माहिती सट्टेवाल्यांना देऊन तो सामना अर्धवट सोडून गेला होता. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली. पण चोर सापडला म्हणून आनंद मानायचा, की घरात चोर शिरावा अशी सोय केल्याचे वाईट मानायचे? २००० सालच्या मॅचफिक्सिंगने पोळलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

माझा आक्षेप मात्र निराळाच आहे. पोस्टमनचा पन्नास चुकतो तेव्हा तो स्वतःवर हसतो. ज्याचे पैसे बुडतात, तो खेळाडूला शिव्या देतो. टायरीस हॅलिबर्टनने २०२४ साली हे बोलून दाखवले होते. अर्ध्या जगाच्या लेखी आपण फक्त त्यांना पैसे मिळवून देणारी वस्तू आहोत, असे तो म्हणाला. हा हॅलिबर्टन मूळचा सॅक्रामेंटोचाच. २०२० साली किंग्जने निवडला आणि २०२२ साली इंडियानाला देऊन टाकला, तेव्हा पोस्टमनच्या बायकोने तीन दिवस टीव्ही लावला नव्हता. जून २०२५ मध्ये, अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, त्याच्या टाचेवरची शीर तुटली आणि तो मैदानावर कोसळला. तो आता आपल्या संघाचा नव्हता. तरी ती बाई रडली. त्याच क्षणी कुठेकुठे लोक फोनवर किती बुडाले ते बघत असणार.

यंदाही कागद लागला, की भाच्याचा फोन येईल. मुलाच्या नावापुढची जागा या वेळी मोकळी सोडायची, असे त्याने ठरवले आहे. लिहिले तर लिहील. मी म्हटले, ‘माझाही आकडा लिही.’

‘मामा, तुम्ही चुकलात तर जेवण कोण घालणार?’

‘तिकीट पाठव. येऊन घालीन.’