चित्रकथांचे गाठोडे

इंद्रजाल कॉमिक्सचे अंक 1964 पासून 1990 पर्यंत निघत होते. बहुतेक घरांत ते रद्दीत गेले. बीदर जिल्ह्यांतील ठाणाकुशनूर येथे माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोळी मात्र त्यांची एक पेटी होती. भोवताली कानडी; तेथे मराठी वाचनाची गोडी मुलांना वेताळाने आणि मँड्रेकने लावली. वाळवीच्या धास्तीने त्याने सारी पाने स्कॅनरवर उतरवून घेतली, हे बरे केले. पुढच्याच पावसाळ्यांत मूळ अंक गेले.

उतरवलेली पाने ‘सीबीझेड’ स्वरूपांत होती. नांव अवघड, वस्तू साधी. ते झिप पद्धतीने बांधलेले चित्रांचे गाठोडे होय; नांवाची शेपटी बदलून ‘झिप’ केली की कोणत्याही संगणकावर सुटते. परंतु वडीलधाऱ्यांच्या फोनवर ते उघडेना, म्हणून घरांतील कोणी त्याचे पीडीएफ केले, सर्वांना धाडले आणि गाठोडे पुसून टाकले!

ती प्रत मी पाहिली. रंग जाऊन चित्रे करडी झालेली. दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध कापलेले. पहिल्या पानामागून दहावे, दुसरे कितीतरी नंतर. कारण पानांची नांवे 001, 002 अशी नव्हती आणि यंत्राने आकडे अक्षरांसारखे लावले. रंग काढण्याच्या व पान कापण्याच्या खुणा रूपांतराच्या वेळी समोरच असतात. त्या पाहावयाच्या असतात, एवढेच. याहून सूक्ष्म हानी निराळी. जेपीईजी चित्र पुन्हा दाबून बसवले की दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो. कॅसेटवरून कॅसेट उतरवणाऱ्या आम्हां गाणाऱ्यांना हे सांगावयास नको. तिसऱ्या प्रतीत तंबोरा उरत नाही, घरघर उरते. मूळ चित्र न दाबता जसेच्या तसे पीडीएफमध्ये ठेवणारी साधने विनामूल्य मिळतात.

पीडीएफ केले म्हणजे शब्द शोधतां येतील, हाही भ्रमच. फुग्यांतले संवाद तेथेही चित्रच राहतात. टेसरॅक्टसारखे साधन छापील मराठी ओळखते, हाताने काढलेल्या अक्षरांशी अडखळते. तेथे कोणी तरी बसून टंकिले पाहिजे.

जुने अंक बाहेर वाटण्याच्या हक्काचा प्रश्न वेगळा. मी घरच्या पेटीपुरते बोलतो आहे. वाचण्यासाठी पीडीएफ खुशाल करावे, पण मूळ गाठोडे दोन ठिकाणी ठेवून मगच.

विद्यार्थ्याच्या जुन्या फोनांत तीन अंक रंगीत सापडले. उरलेल्यांत कोणाचा अंगरखा कोणत्या रंगाचा होता, ते हल्ली त्याची आजी सांगते.