ठाण्याचे हजेरीपत्रक गावालाही दिसू द्या



प्रतापगड म्हटले की लोकांना साताऱ्याकडचा किल्ला आठवतो. आम्ही म्हणतो ते गोंदिया जिल्ह्यातले, अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. डोंगरावर महादेव, तिथेच दर्गा, आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा. मुलूख धानाचा आहे, पण यात्रेला कापूस-ज्वारीवाले आपले लोकही जातात. आणि तिथे जे दिसते ते वणी-पांढरकवड्याच्या रस्त्यालाही लागू आहे, म्हणून लिहितो आहोत.

यात्रेत वळणावळणावर पोलीस उभा असतो. गाडी कुठे लावायची, कुठून उतरायचे, सगळे ठरलेले. हे शिपाई आभाळातून पडत नाहीत. इतर ठाण्यांतून उचलून आणलेले असतात, जोडीला होमगार्ड. तेवढे दिवस त्यांची स्वतःची ठाणी उघडी. यात्रा उठली की निवडणूक, मग मंत्र्यांचा दौरा, मग कुठे मोर्चा. (कधी कधी तो मोर्चा आमचाच असतो, हेही कबूल केले पाहिजे.)

शेतकी कॉलेजात आम्हाला पहिल्यांदा शिकवले ते रोपसंख्येचे गणित. एकरी बी किती टाकले यावर पीक येत नाही, उगवून किती उभे राहिले यावर येते. पऱ्हाटीत नांग्या पडल्या तर आपण आठ-दहा दिवसांत भरतो, उशीर झाला तर ते वर्ष गेले. ठाण्याचेही तसेच. मंजूर पदे म्हणजे टाकलेले बियाणे. त्यातली भरलेली किती, भरलेल्यांतली बंदोबस्तावर गेलेली किती, आणि रात्री दोन वाजता मोटारपंप चोरीला गेला तर उठून येणारा माणूस आहे की नाही, ही उभी रोपे. भाषणात आकडा सांगतात तो बियाण्याचा.

आता आहेत त्या माणसांना काम काय दिले जाते? मागल्या हंगामात आम्ही एका कार्यकर्त्याच्या मागे मोटारसायकलवर बैठकीला निघालो. बाजाराचा दिवस, गावाच्या तोंडाशी तिघे जण यंत्र घेऊन उभे. हेल्मेट नव्हते, पावती फाटली. चूक आमची, पैसे भरले. रात्री त्याच रस्त्याने परतताना कापसाची ट्रॉली अंगावर येता येता चुकली. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, अंधारात उभी. तिला हटकायला तिथे कोणी नव्हते. बाजाराच्या सकाळी तीन माणसे आणि जिनिंगच्या हंगामात रात्री एकही नाही, हे वाटप कोणी केले? का केले? दंड तिथे जास्त गोळा होतो म्हणून, की मरण तिथे जास्त आहे म्हणून?

ट्रॉल्या आपल्याच आहेत, हे विसरून चालणार नाही. शंभर-दोनशे रुपयांची चमकती पट्टी लावायला कायदा कशाला हवा? पण दंडाचे वजनही समजून घ्या. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. आपल्या राज्यात नवे दर डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये. म्हणजे एका पावतीत १३५ किलो ज्वारी गेली, तीही हमीभाव हातात पडला तर. हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. ज्या रस्त्यावर तो कापला, त्या रस्त्यावर एक दिवा तरी लागला का, हे विचारायला जागा नाही.

जागा कागदावर मात्र आहे. १९०२ च्या पोलीस आयोगाचा अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हा आपल्याच मध्य प्रांताचा चीफ कमिशनर राहिलेला. आजचा गोंदिया तेव्हा त्याच प्रांतात होता. पोलीस खाते अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी आहे असे त्या साहेबाच्या आयोगानेच लिहून ठेवले. पुढे २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी महसूल विभाग घातला. म्हणजे प्रतापगडच्या माणसाने नागपूर गाठायचे, दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि यवतमाळच्या माणसाने अमरावती. मजुरी बुडवून, एस.टी.चे तिकीट काढून कोण जातो?

शिपायाशी आमचे भांडण नाही. तोही बहुधा कोरडवाहू घरातलाच पोरगा, बारा-चौदा तास उभा. त्याच्या वरच्याने हिशेब द्यावा, एवढेच मागणे. नक्षलवाद्यांविरुद्धच्या बंदोबस्ताचा तपशील आम्हाला नको, तो उघड होऊही नये. पण ठाण्याची मंजूर पदे, रिकामी पदे, वर्षाचा खर्च आणि हद्दीतली दंडवसुली यांत गुपित काय आहे? माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, कलम ४ प्रमाणे खर्चाचे अंदाजपत्रक तर न मागता जाहीर करायचे असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे. तिच्यासमोर ट्रॉलीवाल्यांचे आणि बाजारकरूंचे म्हणणे गेले पाहिजे.

पुढल्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावलेला एक अर्ज आपल्या ठाण्यापुरता तयार करून आणावा. मजकूर आम्ही बैठकीत सांगू. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आले तर अपील. सोबत वर्षभरातल्या दंडाच्या पावत्या आणा, तारीख, वेळ आणि ठिकाण दिसेल अशा. खासगी मोबाइलवर फोटो काढून मागाहून चलान टाकायला पोलिसांना जुलै २०२५ मध्ये वरूनच मनाई झाली आहे. त्यानंतरही तसे चलान कोणाला आले असेल तर ते वेगळे ठेवा. पावती न देता रोख घेतले असतील तर तेही लिहून आणा, नाव न घालता चालेल. आणि येताना ट्रॉलीच्या मागे पट्टी लावून या, बैठक रात्री उशिरा संपते.