चौदा दिवसांच्या गोळ्यांआधी एक थेंब रक्त

रोवणी सुरू झाली की सिहोरा परिसरात बांध्या पाण्याने भरतात आणि दवाखाना थंडीतापाच्या रुग्णांनी. तपासणीत व्हायव्हॅक्स हिवताप निघाला, तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रिमाक्विन हा उपचार ठरलेला आहे. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना तिथे गाठण्यासाठी प्रिमाक्विन लागतेच.

काहींच्या शरीरात मात्र हेच औषध तांबड्या पेशी फोडते. या पेशींचे रक्षण करणारे जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम त्यांच्यात जन्मतः कमी असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास पुरुषांत जास्त दिसतो. हा दोष दूरदेशीचा नाही. भारतात आढळणाऱ्या त्याच्या एका प्रकाराच्या नावात आपले कल्याण शहरच आहे: केरळ-कल्याण.

औषधाच्या बाजूनेही गुंता आहे. प्रिमाक्विनच्या गोळीत एकाच रेणूची दोन रूपे निम्मी-निम्मी असतात. ती डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसत नाही, तशी शरीरातली एन्झाइमेही दोन्ही रूपांना सारखी वागणूक देत नाहीत. एक रूप भराभर कार्बॉक्सीप्रिमाक्विन या फारशा उपयोगाच्या नसलेल्या पदार्थात बदलते, दुसरे तितके नाही. शिवाय औषध कामाला लागण्यासाठी यकृतातले सीवायपी-टू-डी-सिक्स हे एन्झाइम हवे. ते जन्मतः मंद असेल, तर सगळ्या गोळ्या घेऊनही ताप परत येऊ शकतो. आपण डॉक्टर मात्र ‘गोळ्या नीट घेतल्या नाहीत’ म्हणून रुग्णावरच रागावतो. मीही रागावलो आहे.

सीवायपीची तपासणी आज गावपातळीवर शक्य नाही. जी-सिक्स-पी-डीची आहे, थेंबभर रक्तात. अडचण वेळेची आहे: पेशी फुटू लागल्यावर तपासले, तर नव्या पेशींमुळे अहवाल खोटाच ‘ठीक’ येऊ शकतो. म्हणून ती माणूस धडधाकट असताना व्हावी. 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात विदर्भात लोकांचे रक्त तपासले जातेच आहे. त्याच वेळी ही तपासणी करून निकाल त्याच कार्डावर का लिहू नये? दोष निघाला तरी उपचार थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशांसाठी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली प्रिमाक्विन देण्याचा मार्ग सांगितला आहे. गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांना मात्र हे औषध देत नाहीत.

तोवर आशाताईंनी गोळ्या देताना एवढे सांगावे: लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा ओठ निळसर पडले, तर पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात या, उरलेल्या गोळ्या सोबत घेऊन.